शाडूची सत्तावीस माणसं

दादा गेला त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सामानाची एक यादी केली. कॅमेरा, त्याचा स्टँड, दोन दिवे, तार, माती. मातीची बाहुली थोडी थोडी हलवायची, दर वेळी एक फोटो काढायचा, आणि ते फोटो भराभर एकामागून एक दाखवायचे, की बाहुली चालायला लागते. अशी एक फिल्म मला करायची होती. दीड-दोन मिनिटांची पुरे होती. तिच्यात एक माणूस टाकीत पडणार होता आणि दुसरा वर उभा राहणार होता. तो उतरणार नव्हता.

दादा उतरला होता. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो सहा वर्षं कामाला होता. शटडाउनमध्ये, म्हणजे वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून सफाई-दुरुस्ती करतात तेव्हा, टाकी साफ करायला त्याच्या शिफ्टमधला एक जण आत गेला आणि शिडीच्या तळाशी कोसळला. दादा टाकीच्या तोंडाशी होता. त्याने हाका मारल्या आणि मास्कची वाट न बघता तोही खाली गेला. आत साठलेला वायू डोळ्यांना दिसत नव्हता. दोघांना बाहेर काढलं तेव्हा दोघेही गेलेले होते.

पेणजवळच्या आमच्या गावात, जोह्यात, त्याचा फोटो घालून बॅनर लागला. मित्रासाठी प्राण देणारा, असं त्यावर लिहिलं होतं. आई येता-जाता त्या बॅनरखाली थांबायची. तिच्याजवळ दादाचं तेवढंच उरलं होतं, आणि ते मोठं होतं.

मग कंपनीने दादाच्या जागी माझ्या धाकट्या भावाला घेतलं. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. कामाला लागून महिना झाला नसेल, एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "ताई, उद्या कोन आत पडला तर मी काय बघत उभा नाय राहनार. दादाचा भाऊ हाय मी."

आईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तिच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी काही तरी उजळलेलं दिसलं. मला मात्र त्याच्या पानासमोर बसवेना. दर वर्षी शटडाउन येणार होतं. दर वर्षी टाक्या उघडणार होत्या.

मी रोह्याच्या एका शाळेत संगणक शिकवत होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा जोह्याच्या कारखान्यात गणपती घडवणारे, आई तिथेच मूर्ती घासायच्या कामावर. माझं कॉलेज दादाच्या ओव्हरटाइमवर झालं. हे मी कृतज्ञता म्हणून आता लिहिते आहे, पण तेव्हा ते मी त्याला एकदाही तोंडाने सांगितलं नाही.

शाळेतर्फे शिक्षकांच्या एका शिबिराला मी गेले होते. तिथे एका बाईंनी मातीच्या बाहुल्यांची फिल्म कशी करतात ते दाखवलं होतं. ते आठवून मी कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरांना भेटले. ते सभ्य गृहस्थ होते. भिंतीवरचा तक्ता दाखवत म्हणाले, "मॅडम, हा इंग्रजीत आहे, त्याच्या शेजारी मराठीत आहे. कंत्राटी माणसं दोन्ही वाचत नाहीत. तुम्ही काही करत असाल तर सामान आम्ही देऊ. यादी द्या."

म्हणून ती यादी.

कॅमेऱ्याबद्दल या साहेबांचं मत ठरलेलं होतं. फिल्म म्हणजे हँडीकॅम. मीही तसंच समजत होते. पेणला एस.टी. स्टँडजवळ लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा एक स्टुडिओ होता, तिथे जाऊन नाव-गाव सांगितलं आणि कॅमेऱ्याचं विचारलं. मालक साठीकडे झुकलेले, तोंडात सुपारी.

"काय मॅडम, जोह्याच्या? म्हणजे बाप्पाचं शूटिंग?"

"नाही. बाहुल्या हलवायच्यात. एकेक फोटो काढून."

त्यांनी सुपारी थुंकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मग हँडीकॅम घेऊन काय वरातीत नाचणार? तो शहाणा असतो. प्रत्येक वेळी आपल्या मनाने उजेड कमी-जास्त करील, आपल्या मनाने फोकस हलवील. तुमची बाहुली हलायच्या आधी तोच हलेल. तुम्हाला मुका कॅमेरा पाहिजे. सांगितलं तेवढंच करणारा."

त्यांनी कपाटातून त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा काढला. लग्नांमध्ये वापरून त्याच्या कडांचा रंग उडाला होता. उजेड, फोकस, रंग, सगळं हाताने एकदा लावून ठेवायचं आणि नंतर हात लावायचा नाही, हे त्यांनी मला तीन वेळा करायला लावलं. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून वायरवरचं बटणही दिलं. कशासाठी हवंय ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. मग म्हणाले, "घेऊन जा. काम झालं की आणा. यादीतून खोडून टाका." अशी माणसं मला वेळोवेळी भेटली, म्हणून मी इथवर आले.

बाबांच्या कारखान्यात गणपतीनंतर थोडे दिवस काम कमी असतं. एक कोपरा त्यांनी मला दिला. टाकी म्हणून आम्ही एक निळा प्लास्टिकचा ड्रम उभा अर्धा कापला, म्हणजे आतलं दिसावं. त्याला आतून बारीक शिडी लावली. पत्र्याच्या छपरातल्या पारदर्शक तुकड्यातून ऊन फिरायचं आणि फोटोत सावल्या पळायच्या, म्हणून छपराखाली काळी ताडपत्री बांधली. स्टँड मी आणला होता, पण शेजारून मूर्ती उचलून न्यायला माणसं गेली की जमीन हादरायची आणि तो पाय हलवायचा. बाबांनी तो दोनदा बघितला. तिसऱ्यांदा त्यांनी तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात प्लास्टर ओतलं, त्यात कॅमेऱ्याच्या मापाचा बोल्ट उभा रोवला आणि म्हणाले, "आता हत्ती गेला तरी हलनार नाय." तो स्टँड अजूनही त्या कोपऱ्यात आहे. कोणाला उचलवत नाही.

मातीच्या बाबतीत मात्र मी चुकले. शिबिरातल्या बाईंनी सांगितलं होतं, तेलात मळलेली माती घ्या, ती मुंबईला मिळते, ती कधी सुकत नाही. यादीत मी ती लिहिलीही होती. बाबांना यादी वाचून दाखवली तेव्हा ते हसले. दादा गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

"मुंबईहून माती? जोह्यात?"

मलाही लाज वाटली. ज्या गावातून सगळीकडे गणपती जातात तिथे माती विकत आणायची, तीही डबीतून. मी ती ओळ खोडली आणि शाडू लिहिला. शाडूला पैसे पडणार नव्हते आणि बाबांच्या हाताला तो माहीत होता. आम्ही तारेचा सांगाडा केला, त्यावर वीतभर उंचीचा माणूस चढवला, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

पहिल्या रविवारी हॅलोजन लावून फोटो काढायला घेतले. माणूस शिडीच्या दोन पायऱ्या उतरला. अर्ध्या तासात त्याच्या कोपरांना भेगा गेल्या. पाण्याचा हात लावला तर रंग गडद झाला आणि फोटोत तो डाग उड्या मारायला लागला. तासाभराने त्याचा हात तारेवरून निसटून ड्रमच्या तळाला पडला. मी दिवे बंद केले आणि तिथेच रडले. शटडाउनला चार-साडेचार महिने होते, आणि मला फक्त रविवार मिळत होते.

बाबा हाताचा तुकडा बोटांत फिरवत होते. "माती सुकनारच बाय. सुकायलाच असते ती. आमी तिला सुकवतो, तेवढंच आमाला येतं." चाळीस वर्षांत त्यांनी ओली राहायला पाहिजे अशी एकही वस्तू केली नव्हती. ती चूक त्यांच्या लक्षात आली नाही, आणि त्यांची मुलगी असल्यामुळे माझ्याही नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुला येकच मानूस कशाला हवा?"

"म्हणजे?"

"साच्यातनं हवी तेवढी काढू. येक उभा. त्याच्या पुढचा जरा वाकलेला. त्याच्या पुढचा आनखी वाकलेला. सुकू दे सगळ्यांना. तू येक उचल, दुसरा ठेव, फोटो काढ."

गणपतीच्या कारखान्यातल्या माणसालाच हे सुचू शकतं. दुसरा कोणी तार बदलत बसला असता. यादीतली तार मी खोडली, हॅलोजनही खोडले. त्यांच्या जागी दोन साधे सीएफएल आणि एक इन्व्हर्टर लिहिला, कारण आमच्याकडे दिवसातून किती तरी वेळा व्होल्टेज खाली यायचं आणि त्या फोटोत टाकीवर संध्याकाळ झालेली दिसायची.

बाबांनी मूळ माणूस घडवला. डोक्यावर हेल्मेट, अंगात कामगार घालतात ती डांगरी. त्यावरून साचा घेतला. साच्यातून पहिली बाहुली निघाली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो दादाचा होता. बाबांनी साचा पुन्हा भरायला घेतला. साचा एकच होता, त्यामुळे खाली पडणारा आणि वर उभा राहणारा, दोघांचा चेहरा तोच आला. हेल्मेटं तेवढी वेगळी रंगवली. खालच्याचं पिवळं, वरच्याचं निळं.

पडणाऱ्या माणसाच्या सत्तावीस बाहुल्या लागणार होत्या, वरच्याच्या वेगळ्या. बाबा ओल्या बाहुल्यांसमोर बसले आणि विचारू लागले, "पडताना आधी काय वाकतं? मान का गुडघा?"

मला माहीत नव्हतं. धाकटा दारात उभा होता. त्याला हे काम आवडत नव्हतं, पण तो रविवारी येऊन उभा राहायचा. तो म्हणाला, "आमच्या शिफ्टला येक काका हायत. त्यांनी वरनं बघितलंय दादाला. विचारतो."

पुढच्या रविवारी तो आला तो थेट बाबांसमोर बसला. "गुडघे. आधी गुडघे गेले. देवापुढे बसावं तसा बसला, बोलले. मग हात टेकला भिताडाला. मग बाजूला." एवढं सांगून तो उठला नाही. बाबांनी ओल्या फडक्यातून एकेक बाहुली हातात घेतली आणि गुडघ्यात वाकवायला सुरुवात केली. अकराव्या बाहुलीने हात भिंतीला टेकला. विसावीचा हात सुटला. धाकटा शेवटपर्यंत बसून होता. बापाने आपल्या मुलाला असं सत्तावीस वेळा पाडलं. मी ते करायला लावलं. त्याबद्दल मला आजही नीट काही लिहिता येत नाही.

बाहुल्या फळीवर सुकत होत्या तेव्हा आई आली. ती मधल्या काळात त्या कोपऱ्याकडे फिरकली नव्हती. तिने फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"काय गो हे?"

"फिल्मसाठी आहे, आई. नवीन कामगारांना दाखवायला. कोणी आत पडला तर मागोमाग उतरायचं नाही, हे."

"म्हंजे माझा पोरगा चुकला. असं साऱ्या कंपनीला दाखवनार तू."

"तसं नाही. धाकट्यासाठी—"

"धाकट्याचं नाव घेऊ नको. दादा गेला तवा गाव रडला. शिकलीस ना त्याच्या जीवावर? मग आता त्याला येडा ठरव."

बाबा म्हणाले, "तू घरी जा गो." ती गेली. घरी मी पुष्कळ दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले, आणि तीही माझ्याशी.

रंगवून झाल्यावर डोळ्यांची आखणी राहिली. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. त्या दिवशी बाबा सकाळी आंघोळ करून आले, कोणाशी न बोलता बसले आणि केसाएवढ्या कुंचल्याने एकामागून एक डोळे काढत गेले. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की शेवटच्या सात-आठ बाहुल्यांचे डोळे हळूहळू मिटत जायला हवेत. दुपारी बघितलं तर सत्तावीसच्या सत्तावीस बाहुल्यांचे डोळे उघडे.

"बाबा, हे शेवटचे?"

"मिटलेले डोळे माझ्या हातात नायत बाय. कधी काढले नाय." ते कुंचला धुवायला गेले.

मी त्या तशाच वापरल्या.

शेवटचे चार रविवार मी फोटो काढले. एक बाहुली उचलायची, खडूच्या खुणेवर दुसरी ठेवायची, मागे येऊन बटण दाबायचं. बाबा बाहुल्या क्रमाने हातात देत. धाकटा इन्व्हर्टर बघे. फिल्म शाळेतल्या संगणकावर जोडली. पिवळं हेल्मेट शिडीने उतरतं, थांबतं, गुडघ्यांवर येतं. निळं हेल्मेट शिडीला हात घालतं, हात मागे घेतं, घंटा वाजवतं, मास्कवाली माणसं येईपर्यंत दोरी धरून उभं राहतं. एवढंच. काम झाल्यावर कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे बाबांनी बाहुल्या टबात भिजत घातल्या. शाडू कोणी फेकत नाही.

कंपनीच्या कँटीनमध्ये दोन शिफ्टच्या मधल्या वेळात ती दाखवली. आधी हशा झाला. "आयला, गणपतीवाल्यांचा पिच्चर!" कोणी तरी ओरडलं, "मोदक कुठंय?" बाहुली गुडघ्यांवर बसली तेव्हा आवाज कमी झाला. ती कुशीवर पडली आणि तशीच बघत राहिली. पुढच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "डोळे उघडेच हायत रं त्याचे."  साहेबांनी पुन्हा लावायला सांगितली.

धाकटा गेटपर्यंत माझ्याबरोबर आला. "ताई, वरचा मानूस घंटा वाजवतो, दोरी धरतो. बरोबर?"

"बरोबर."

"आनि खालचा? तो वाचतो का?"

ते मी दाखवलं नव्हतं. उठणारी बाहुली बाबांनी केलीच नव्हती, आणि मी मागितलीही नव्हती. मी त्याला म्हटलं, "माहीत नाही."

तो म्हणाला, "व्हय. तेच म्हनतो मी," आणि आत गेला.

पहिलं शटडाउन काही न होता गेलं. दुसऱ्या वर्षीच्या शटडाउनमध्ये एका टाकीत गडब गावाकडचा एक कंत्राटी कामगार उतरला आणि पडला. तोंडाशी माझा भाऊ होता. हे मला नंतर त्याच्या शिफ्टमधल्या त्या काकांनी सांगितलं, भावाने नाही. भावाने घंटा वाजवली. मागून एक जण धावत येऊन शिडीवर पाय ठेवत होता, त्याच्या कॉलरला धरून त्याला जमिनीवर बसवलं आणि त्याच्यावर स्वतः बसला. दुसऱ्या हातात दोरी होती. खालून आधी खोकल्याचा आवाज येत होता. मास्क घातलेली माणसं येईपर्यंत तो थांबला होता. त्या कामगाराला बाहेर काढलं, पण तो वाचला नाही.

त्या कामगाराच्या दहाव्याला भाऊ म्हणाला, मला जायला पाहिजे. मी त्याच्याबरोबर गेले. हायवेवर उतरून आत चालत गेलो. त्याच्या घराच्या ओटीवर बायका बसल्या होत्या. त्या कामगाराच्या आईला कोणी तरी सांगितलं, हा कंपनीतला, हाच होता तिथे. तिने हात डोळ्यांवर धरून त्याच्याकडे बघितलं.

"तू वर व्हतास?"

"व्हय, काकी."

"तुला दिसत व्हता तो?"

"दिसत व्हता."

"मग उतरला का नायस?"

माझ्याजवळ उत्तर होतं. वायूबद्दल, मास्कबद्दल, एकाचे दोन होण्याबद्दल मला सगळं सांगता आलं असतं. पदवी होती माझ्याजवळ. भाऊ म्हणाला, "नाय उतरलो, काकी." तिने तोंड फिरवलं. ओटीवरची एक बाई पदराआडून, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "बघत ऱ्हायला उभा."

परतीच्या एस.टी.त तो खिडकीला बसला. मी त्याच्या हाताला हात लावला तर त्याने हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

जोह्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. आई दारात उभी होती. तिने त्याला आत घेतलं, दंडाला, पाठीला, मानेला हात लावून बघितलं. लहान मूल पडून आल्यावर बघतात तसं. मग पाट मांडला आणि भात वाढला. तो दोन घास जेवून थांबला.

"बरं केलंस रं," आई म्हणाली. "उतरला नायस, बरं केलंस."

तो मान खाली घालून बसला होता. बाबा भिंतीला टेकून बसले होते. आई थाळी पुढे सरकवायला वाकली आणि तशीच थांबली. मग ती माझ्याकडे वळली.

"मंग दादाला कुनी का नाय सांगितलं?"

 तिने पुन्हा तेच विचारलं, थोड्या मोठ्या आवाजात, आणि ती माझ्याकडेच बघत होती.